लाडक्याचं खाणं

त्रेपन्न साली मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहानशा नगर कमिटीत हैसियत-कराचा कारकून होतो. ज्याची जशी कमाई, तसा कर. खर्च वजा जाऊन वर्षाला तीनशेच्या आत उरलं, तर माफ. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात लोक सर्रास खोटं बोलत. मोठमोठे दुकानदार असं तोंड करून समोर बसत, की यांच्या घरी आज चूल पेटली नसावी.

अशात नत्थूजी तेली आले. घरचा लाकडी घाणा, एक बैल, जवसाचं तेल काढून दारोदार विकायचं. मी कमाई विचारली.

"जवसाचे पैसे जाऊन साडेतीनशे, बाबूजी."

न दरडावता खरा आकडा सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आणि खर्च?"

"सुताराले दहा रुपये देल्ले."

"बैलाचं खाणं?"

"ते नाई लिहायचं. लाडक्या घरचा हाये. घरच्याचा घास मोजला तं अंगी लागत नाई."

मी भडकलो. बैलाचं खाणं धरलं तर माफी, नाही तर सहा रुपये कर, हे तीनदा समजावलं. नत्थूजींना ते कळत होतं. लाडक्या म्हातारा झाला होता. गोऱ्हा घेऊन त्याला घाण्यातून सोडवायचं, म्हणून नवराबायको रुपया रुपया गाठीला बांधत होते. सहा रुपये गेले, की म्हाताऱ्या मानेवर घाणा आणखी काही महिने. माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान काही हलेना. असल्या हट्टाला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरीच जाऊन बसलो. त्यांच्या बायकोनं, गंगाबाईंनी, भाकरी आणि चटणी वाढली, वर ताजं तेल. तिसरी भाकरी नको म्हणताना मी म्हटलं, "दोन झाल्या."

"मोजू नका जी," त्या कळवळून म्हणाल्या.

मी मुकाट्यानं तिसरी खाल्ली. समोर लाडक्या डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरत होता. मग मी विचारलं, वर्षाला ढेप, म्हणजे जवसाची पेंड, किती निघते? नत्थूजींनी सांगितलं. विकता किती? तेही सांगितलं. उरलेली कोण खातं, हे मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. वजाबाकी मी ऑफिसात येऊन केली. कडबा विकतचा होता, त्याचे पैसे सांगायला कुणाची हरकत नव्हती. कर माफ झाला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

दोन वर्षांनी त्यांनी आष्टीच्या बाजारातून गोऱ्हा आणला. तरणं जनावर, घाणा जोरानं चालायला लागला आणि कमाई थोडी वाढली. मी आपल्या मनानं दोन्ही बैलांचा खर्च धरून माफी कायम ठेवली. माफीच्या कागदावर दोन्ही बैल पाहून आठ दिवसांत नत्थूजी हजर. लाडक्याला त्यांनी बाहेर कडुलिंबाला बांधलं होतं.

"बाबूजी, हा आता घाणा ओढत नाई. बसून खाते. त्याचं खाणं धंद्यात कसं धरता? काढा ते."

"कर बसेल, नत्थूजी."

"बसू द्या. धंदा चालून राह्यला आता. हा माह्या घरचा बुढा हाये, त्याले मी पोसन. सरकार काऊन पोसन?"

मला या माणसाला वाचवायचं होतं. त्याची नस मला ठाऊक होती. मी वही पुढे ओढली आणि मुद्दाम रुक्षपणे म्हटलं, "काढायला आकडा लागतो. लाडक्या रोज किती खातो, तोंडानं सांगा. नाही तर आहे तसं राहू द्या."

नत्थूजी खिडकीशी जाऊन लाडक्याकडे बघू लागले. मला वाटलं, जिंकलो.

"दोन पसे ढेप," ते हळूच म्हणाले. "अन् कडब्याच्या चार पेंढ्या. पहिले सहा खाये."

मी लिहून घेतलं. दुसरं काय करणार? त्यांनी सहा रुपये भरले, पावती टोपीत ठेवली आणि बाहेर गेले. बैलाच्या गळ्यात हात टाकून त्याच्या कानाशी बोललेलं मला खिडकीतून ऐकू आलं.

"माफ करजो बाप्पा. आज तुह्यं खाणं मोजलं."