भोपळ्याचा रस

ओकबुननं आयुष्यभर कोरियातल्या तोंग्योंग बंदराच्या बाजारात सुकी मासळी विकली. जीभ अशी धारदार की घासाघीस करणारं गिऱ्हाईक पुढच्या दुकानापर्यंत कान चोळत जायचं. पण घरात सासूपुढे तीच जीभ लोण्यात बुडवल्यासारखी. थोरल्यांना तोंडावर ‘तुमचं चुकलं’ म्हणायचं नाही, हे तिच्या हाडात भिनलं होतं. हाडातली गोष्ट कशी निघणार?

नवरा मानसोक अतिदक्षता विभागात पडला होता. साखरेचं जुनं दुखणं, त्यात पित्ताशयात पू झाला, विष रक्तात भिनलं आणि मूत्रपिंडांनी अंग टाकलं. ताप उतरला, माणूस शुद्धीवर आला, पण लघवी थेंबभरही होईना. रक्त धुवायला उशाशी यंत्र घरघरत होतं. डॉक्टर म्हणाले होते, “मूत्रपिंडं मेली नाहीत, रुसली आहेत. साखर एका जागी धरून ठेवली तर माघारी येतील. ती अशीच उड्या मारत राहिली, तर जन्मभर हे यंत्र.”

तेव्हापासून ओकबुन आत गेली की आधी पलंगाखालची लघवीची पिशवी बघायची, मग नवऱ्याचं तोंड. कुणाच्या मुताची इतकी वाट बघावी लागेल असं तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुपारी भेटीला दोघींनाच सोडत, तिला आणि सासूला. सासू सुनदोक वाळक्या मुळ्यासारखी चिवट म्हातारी. लेकाचे सुजलेले पाय पाहून पहिल्याच दिवशी म्हणाली, “सूज आहे ना? मग पिकल्या भोपळ्याचा रस पाहिजे. एवढं शिकलेले लोक, आणि यांना एवढं कळत नाही?” दुसऱ्या दिवसापासून ओकबुनच्या नाकाला खाटेपाशी गोडसर वास यायला लागला. उशीवर नारिंगी डाग. म्हातारी रसाची बंद पिशवी कापसाच्या बंडीत छातीशी उबवून आणायची आणि ओठ ओले करायच्या निमित्तानं तिची नळी लेकाच्या तोंडात द्यायची. त्याला पाणी मोजून मिळायचं, घसा कोरडा ठक्क. तोही बायकोकडे डोळा मिचकावून ओढून घ्यायचा.

“आई, डॉक्टर म्हणतात बाहेरचं काही द्यायचं नाही,” ओकबुन एकदा हळूच म्हणाली.

“हे कुठं बाहेरचं? आपल्या गल्लीतल्या दुकानातलं आहे.”

“तसं नव्हे हो...”

“तुझ्या बाळंतपणात पाय फुगले होते, तेव्हा कुणी पाजला होता गं? याच हातांनी ना? मेलीस का?”

झालं! पाजला होता खरा. रात्रंदिवस उशाशी बसून, चमच्या-चमच्यानं. त्या हाताला विषाचा हात कसं म्हणायचं? आणि नर्सला सांगावं, तर सगळ्या विभागात म्हातारीची शोभा. इकडे आड, तिकडे विहीर.

दुपारनंतर साखर का चढते ते डॉक्टरांना कळेना. त्यांनी दुपारचं इन्सुलिन वाढवलं, मग आणखी वाढवलं. लघवीची पिशवी कोरडीच.

शेवटी ओकबुननं आपल्या मते शहाणपणा केला. घरातल्या रसाच्या पिशव्या शेजारणीकडे लपवल्या आणि सासूला सांगितलं, “दुकान बंद आहे, आई.” कुणाचं मन दुखावलं नाही, कुणाची लाज गेली नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत ती त्या दुपारी भेटून बाहेर आली.

तासाभरात आत धावपळ उडाली. इन्सुलिन रसाच्या हिशेबानं गेलं होतं, आणि रस नव्हता. मानसोक घामानं भिजला, डोळे फिरले, हाक ओळखेना. नसेतून साखर चढवून त्याला माघारी आणलं. डॉक्टर बाहेर आले ते लाल होऊन.

“यांना रोज कुणी काहीतरी देत होतं, आणि आज बंद केलं. कोण?”

सासूनं बोलायला तोंड उघडलं. ओकबुन पटकन म्हणाली, “मी.”

“मग उद्यापासून तुम्ही आत यायचं नाही. आजी एकट्या येतील.”

घरी जाताना म्हातारी एवढंच पुटपुटली, “बघ, एक दिवस रस चुकला आणि काय झालं ते.”

ओकबुन रस्त्यातच थांबली. अरे देवा, हिनं याचा अर्थ असा लावला!

दुसऱ्या दिवशी विभागाच्या दारापाशी ती सासूला आत जाताना घालायच्या दवाखान्याच्या झग्याचे बंद बांधायला वाकली. बंडीशी हात लागला. आत उबदार, मऊ काहीतरी. म्हातारी गल्लीतल्या दुकानातून रसाची नवी पिशवी घेऊन आली होती.

“हो बाजूला. वेळ जातोय.”

“नर्सबाई, आईंची बंडी बघा!”

नर्स वैतागली. “काल स्वतः कबूल केलंत ना? आता म्हाताऱ्या माणसावर ढकलता? लाज नाही वाटत?”

दार सरकलं. सासूचा एक पाय आत पडला. आणि बाजारातली ती जीभ आज पहिल्यांदा सासूवर सुटली. “आई, त्या रसानं मरतोय तो! काल न मिळाल्यानं नाही, इतके दिवस मिळाल्यानं! मी गप्प बसले, तुमची लाज राखत बसले. माझंच थोबाड फोडा, पण ते पाजू नका!”

म्हातारी वळली. सुनेकडे बघत राहिली, मग नर्सकडे. “मला कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली. बंडीतून पिशवी काढून तिनं नर्सच्या हातावर ठेवली. “हिनं नाही. मी पाजलं.”

नर्सनं पिशवीकडे पाहिलं. “आता दोघींनीही आत यायचं नाही,” म्हणाली, आणि दार लागलं.

तरी दोघी रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायच्या. सासू आपल्या रिकाम्या बंडीवर हात फिरवत राहायची. साखर जागेवर आली, म्हणे. सूज तशीच होती. मग एका दुपारी तीच नर्स दारातून डोकावली. “पिशवीत आलंय. वाटीभर असेल.”

“वाटीभर!” सासू ओरडली आणि सुनेचा हात घट्ट धरून हमसून हमसून रडायला लागली. ओकबुन उठून दारापर्यंत गेली. काचेला कपाळ लावून तिनं पाहिलं. पडद्याखालून त्याचे पाय तेवढे दिसत होते. त्याच्याजवळ बसून ही बातमी सांगायला घरचं कुणीच आत नव्हतं.