माझ्या छपरावरचे साडू

आमच्या घराच्या छपराला मी स्वतःच्या हातानं एकशे बारा भोकं पाडली. मुद्दाम पाडली असं कुणी म्हणणार नाही, पण एकूण एक मीच पाडली, तीही रविवारच्या सकाळी, शीळ घालत.

आमचं गाव समुद्र आणि डोंगर यांच्या बेचक्यात अडकलेलं आहे. वर्षातले तीन महिने इथे वारा येतो तो दार वाजवून येत नाही, दार घेऊन जातो. घरं सगळी पत्र्याची. वादळाचे दिवस जवळ आले, की छपरावरचे ढिले झालेले खिळे काढून नवे ठोकावे लागतात. हे काम गावात माझे साडू करतात, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. छपरं बसवणं हाच त्यांचा धंदा आणि समोरच त्यांचं घर. आमच्या छपराला मात्र मी त्यांचा हात कधी लागू दिला नाही, दरवर्षी पैसे देऊन दुसरा गडी बोलावतो. यंदा म्हटलं, तो तरी कशाला? आपल्याला हात नाहीत?

आता पत्रा हा पन्हळी असतो. एक उंचवटा, एक खोलगट, एक उंचवटा, एक खोलगट. खोलगट भागात पत्रा खालच्या लाकडाला टेकलेला असतो, हातोडी घसरत नाही, खिळा कसा सरळ आत जातो. मी सगळे खिळे तिथेच ठोकले. मी शाळेत भूगोल शिकवतो. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहतं, नद्या दरीतून वाहतात, हे सव्वीस वर्षं मी फळ्यावर निळ्या खडूनं काढून दाखवतो आहे. आणि खिळे मारले ते दरीत!

बुधवारी नुसती भुरभुर आली आणि आमच्या घरात एकशे बारा नद्या उगम पावल्या. पातेली, बादल्या, परात, बाळंतपणातलं घंगाळ, सगळं मांडून झालं. सासूबाई पलंगावर छत्री उघडून बसल्या आणि छत्रीच्या आतून म्हणाल्या, "थोरले जावई, बाहेर पाऊस थांबला असेल तर मी जरा बाहेर बसू का?"

बायको म्हणाली, "भाऊजींना बोलावू?"

हा 'भाऊजी' शब्द गेली अकरा वर्षं माझ्या कानात खिळ्यासारखा बसला आहे. नळ गळाला, भाऊजी. झाडावर मांजर अडकलं, भाऊजी. आभाळाकडे बघून "आज कपडे वाळतील का?" हा प्रश्नसुद्धा ती घरात भूगोलाचा मास्तर बसलेला असताना खिडकीतून समोर विचारते. समोरून फक्त "हूं" असं उत्तर येतं आणि कपडे वाळतात.

साडूंना गावात 'हूंकारे' म्हणतात. खरं आडनाव आता त्यांनाही आठवत असेल की नाही, शंकाच आहे. त्याचं कारण असं, की छपरावर दोन्ही हात कामात असतात, म्हणून ते खिळे तोंडात धरतात. छत्रीचे खिळे, म्हणजे डोक्यावर वाटोळी टोपी असलेले. एका वेळी सात मावतात. त्यामुळे बोलणं म्हणजे एकच अक्षर. काम संपल्यावर खिळे काढले, तरी सवय जात नाही. मी वर्गात पंचेचाळीस मिनिटं बोलतो आणि शेवटच्या बाकावरची दोन मुलं झोपतात. ते "हूं" म्हणतात आणि गाव निर्धास्त झोपतं. पोटात दुखणार नाही तर काय होईल?

ते माणसं चेहऱ्यानं ओळखत नाहीत, छपरानं ओळखतात. मेहुणीला बघायला आले तेव्हा म्हणे सासऱ्यांशी न बोलता आधी ओसरीवरून वर बघितलं आणि म्हणाले, "पश्चिमेची कड उचलणार." मुलगी पसंत आहे की नाही ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही. पुढच्याच वादळात कड उचलली आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे लग्न ठरवलं. मला बघायला आल्या होत्या तेव्हा मी वाऱ्यांचे प्रकार सांगितले होते. "हुशार आहेत," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि तेही फार दिवसांनी.

हा धंदा कसा धरला, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "नऊ वर्षांचा होतो. सकाळी उठलो तर वर आभाळ. छप्पर शाळेच्या मैदानात सापडलं." मला वाटलं, आता काहीतरी हृदय हलवणारं येणार. ते म्हणाले, "चार दिवस सुट्टी मिळाली." एवढं बोलून पुन्हा खिळे तोंडात.

खरा जळफळाट मात्र वेगळाच. बंदरावरचा वादळाचा भोंगा वाजला, की आमचं घर रिकामं होतं. सासूबाई वर्षभर राहतात आमच्याकडे, जेवतात आमच्याकडे, माझ्या चष्म्याला नावं ठेवतात आमच्याकडे. पण भोंगा झाला की दुसरा चष्मा, औषधं आणि बॅटरी घातलेली पिशवी उचलतात आणि गल्ली ओलांडून धाकट्यांकडे. मागोमाग बायको, मागोमाग मुलगी. सगळ्यांत शेवटी कुलूप लावून मी. साडूंच्या मधल्या खोलीत माझी जागा दाराजवळ, उलट्या घमेल्यावर. साडू स्वतः त्या वेळी घरात नसतातच, कुणाच्या तरी छपरावर दोर आवळत असतात. नसलेला माणूस त्या खोलीत इतका असतो, की असलेल्या माणसाला बसायला घमेलं मिळतं!

आणि परवाची सहामाही. मीच काढलेला प्रश्न: 'वादळाची सूचना मिळाल्यास तुम्ही कुठे आश्रय घ्याल?' माझ्याच वर्गात बसणाऱ्या माझ्याच मुलीनं लिहिलं, 'काकांच्या घरी.' उत्तर बरोबर होतं. पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले.

म्हणून यंदा मी ठरवलं होतं, की एकदा, फक्त एकदा, वादळात माझी माणसं माझ्या छपराखाली बसली पाहिजेत. त्यासाठी ती हातोडी, आणि त्यातून त्या नद्या.

शुक्रवारी मोठं वादळ येणार असं बंदरावरच्या पाटीवर लागलं. गुरुवारी शाळेतून आलो तेव्हा घरातल्या तिघीही दवाखान्यात गेल्या होत्या, सासूबाईंचा गुडघा दाखवायला. मी मान खाली घालून गल्ली ओलांडली.

"साडूभाऊ, जरा छप्पर बघता? पण घरात कळता कामा नये."

"हूं."

वर चढले. या कडेपासून त्या कडेपर्यंत पावलं वाजली. मग खाली वाकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडातले सातही खिळे हातात काढले. एवढा मान त्यांनी मला पहिल्यांदाच दिला.

"हे कुणी केलं?"

"एक... कारागीर होता."

"त्याला परत बोलावू नका."

मग काम सुरू झालं. मी आत, दारं-खिडक्या लावून, अंधारात. पत्र्यात जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खालून काठीनं टकटक करायची. ते वरून "हूं" म्हणायचे, खिळा उपटायचे, भोकावर डांबरात बुडवलेली चिंधी दाबायचे आणि शेजारच्या उंचवट्यावर वायसर घालून नवा खिळा मारायचे. टकटक, हूं, ठण. टकटक, हूं, ठण. एकेक चांदणी विझत गेली. साठ-सत्तर झाल्यावर मला तर मजाच यायला लागली. एकदा मी उजेड नसताना उगाच टकटक केली. मग छपरावर त्यांनीही उगाच दोनदा ठोकलं. साडूंनी आयुष्यात केलेला हा एकमेव विनोद असावा, आणि तो फक्त मी ऐकला.

तिघी परत आल्या तेव्हा साडू गेले होते आणि मी वर्तमानपत्र वाचत होतो.

शुक्रवारी दुपारी भोंगा झाला. सासूबाईंनी पिशवी उचलली.

"आज कुठे जायचं नाही," मी म्हणालो. "छप्पर पक्कं आहे."

"कुणी केलं पक्कं?" बायकोनं विचारलं.

मी छाती जराशी पुढे काढली. तिला ते पुरलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "परत?" आणि मुलीकडे वळून, "अगं, बाहुल्या-बिहुल्या राहू दे, चपला घाल आधी!"

"बाबांनी केलंय?" मुलीनं विचारलं, आणि वर बघत बघतच ती पाय चपलेत सारू लागली.

"थोरले जावई," सासूबाई म्हणाल्या, "राग मानू नका. मला पोहता येत नाही."

बायकोनं दाराची कडी काढली आणि दार तिच्या हातातून निसटून भिंतीवर आदळलं. वारा गावात शिरला होता. त्याच क्षणी गल्लीतून कुणाचा तरी अख्खा पत्रा, पत्त्याचं पान फेकावं तसा, गरगरत गेला आणि समोरच्या खांबाला आपटून दुमडला. आमच्या दारापासून साडूंच्या दारापर्यंत वीस पावलं. त्या वीस पावलांत आता काय काय उडणार होतं, देव जाणे. तरी बायकोनं मुलीचा हात धरून एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. माझ्या छपराची तिला उडत्या पत्र्यापेक्षा जास्त भीती वाटत होती!

मला एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो तर माणसं घरात राहणार होती, पण माझ्या छपराखाली नाही. आयुष्यात इतकं जड काही उचललं नाही मी.

"भाऊजींनी केलंय!" मी ओरडलो. "काल! सगळं! एकूण एक खिळा! मी फक्त काठी धरली होती!"

बायकोनं पाय आत घेतला. दार लावायला आम्ही दोघं लागलो. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, पलंगावर मांडी घातली आणि म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचं? चहा टाका कुणीतरी."

चार तास वारा छपराला धरून गदागदा हलवत होता. छप्पर कण्हलं, पण एक थेंब आत आला नाही. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. बायको माझ्या खांद्याला टेकून बसली होती. सासूबाई दर थोड्या वेळानं वर बघून म्हणत, "काय हात आहे हो धाकट्यांचा!" आणि मी, ज्याला हवं होतं ते सगळं मिळालेलं होतं, तो मी, जळत होतो. अगदी सुखानं, चहा पीत.

संध्याकाळी वारा पडला. साडू दुसऱ्या टोकाची छपरं आवळून परत येत होते. नखशिखान्त भिजलेले, कपाळावर ओरखडा. स्वतःच्या घरी जायच्या आधी आमच्या दारात थांबले आणि वर बघितलं. मी बाहेर गेलो. आत सगळ्या त्यांच्यासाठी पाणी तापवायला धावल्या होत्या. माझ्यासाठी अजून कुणी पाणी तापवलेलं मला आठवत नाही.

राहवेना. म्हणालो, "साडूभाऊ, तो कारागीर मीच होतो."

"हूं."

"आणि खरं सांगू? अकरा वर्षं मी तुमच्यावर जळतो आहे. आत्तासुद्धा."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, पिळला, तोंड पुसलं. तोंडात एकही खिळा नव्हता.

"जळायचं तेवढं खाली बसून जळा, छपरावर चढू नका."