कडक पॅडवाले काका

मऊ वस्तूंचा इतका राग असलेला माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज अख्ख्या बदलापुरात नसेल. अर्थात मी अख्खं बदलापूर पाहिलेलं नाही, पण आमच्या हेंद्रेपाड्याची खात्री देऊ शकतो. काकांची सगळी नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, पोलाद तापवून कडक करण्याच्या विभागात गेली, आणि निवृत्त होताना तो विभाग ते बहुधा घरीच घेऊन आले. त्यांच्या उशीवर डोकं टेकलं की पाटावर टेकल्यासारखं वाटतं. दिवाळीचा लाडू ते आधी ताटलीवर आपटतात आणि आवाज नीट आला तरच खातात. एकदा काकूंच्या हातून बेसनाचे लाडू जरा सैल झाले, तेव्हा त्यांनी एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "अगं, हा अजून व्हायचाय." नरम माल टिकत नाही, हे त्यांचं मत चपलांपासून जावयापर्यंत सगळ्यांना लागू आहे.

त्यांच्या जुन्या गाडीचे ब्रेक पॅड बदलायचे झाले, तेव्हा ते उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या दुकानात गेले आणि म्हणाले, "सबसे कडक दिखाओ." दुकानदाराने दाखवले. तेव्हापासून सकाळी गाडी थंड असताना ब्रेक दाबला की ती थांबायचा नुसता विचार करू लागे. दर सोमवारी दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरात जात. गाडी गल्लीच्या टोकाला उभी असे, ती घेऊन काका फाटकापाशी येत. पण काकू फाटकापाशी नसतच. त्या पुढच्या विजेच्या खांबापाशी जाऊन उभ्या राहत, कारण गाडी थांबे ती तिथे. सायकलवालाही पुढे निघून जाईल इतक्या हळू काका चालवत, म्हणून वर्षभर निभावलं. मग एका सोमवारी काकू आत बसल्या, गाडी निघाली आणि कोपऱ्यावरच्या फुलवालीच्या टोपलीला हळूच जाऊन टेकली. कोणाला काही झालं नाही, पण काकू उतरल्या.

"महाशिवरात्रीच्या आत हिचा ब्रेक पहिल्या दाबात लागला पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाहीतर गाडी विकायची. तोवर मी रिक्षाने."

पुढचे तीन सोमवार पुढे रिक्षात काकू आणि मागे रिकाम्या गाडीत काका, अशी वरात अंबरनाथला गेली. तिथे पोचेपर्यंत ब्रेक तापून छान लागत, पण ते पाहायला गाडीत कोणी नसे.

दोन मेकॅनिक झाले. ब्रेक ऑइल बदललं, पाइपातली हवा काढली, त्यात काही बिघाड निघाला नाही. शेवटी प्रकरण माझ्याकडे आलं. मी कॉमर्सला आहे. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गोळ्यांच्या पाकिटापासून मिक्सरच्या गॅरंटीपर्यंत बारीक इंग्रजी अक्षरांचं सगळं वाचायला माझ्याकडे येतं. पॅडचं रिकामं खोकं काकांनी काचेच्या कपाटात, निवृत्तीच्या मानचिन्हाशेजारी ठेवलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग आपलं चुकत असेल म्हणून तिसऱ्यांदा.

"काका, हे शर्यतीच्या गाड्यांचे पॅड आहेत. तापल्याशिवाय पकडत नाहीत, असं यावरच लिहिलंय."

"म्हणजे माल चांगला आहे."

"चांगलाच आहे. पण तुमची गाडी लवकर तापत नाही."

"गाडी तरी शहाणी आहे," आतून काकू म्हणाल्या.

काका मला घेऊन त्याच दुकानात गेले, पण काउंटरपाशी पोचल्यावर एकाएकी वायपर पाहू लागले. "तूच माग," ते कुजबुजले. "माझ्या तोंडून नरम निघायचं नाही." मी चाचरत मागितले.

सिंधी दुकानदार काकांकडे वळला. "अंकल, रोज की घर की गाडी है ना? ये सादावाला लो. ठंडे में पहले ब्रेक पे पकडेगा. बस, घिसेगा जल्दी."

"घिसेगा?" कोणी त्यांचं खानदान काढावं तसं काकांनी विचारलं.

"पॅड नहीं घिसेगा तो डिस्क घिसेगी, साईं. अपनी डिस्क देखी है?"

पाहिली होती. चाकातल्या त्या तबकडीवर कडक पॅडने खोल रेघा पाडल्या होत्या. काका बराच वेळ वायपरच पाहत राहिले. परतताना कुळगाव आल्यावर ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "दोघांतल्या एकाला झिजावं लागतं. कारखान्यात हे कोणी सांगितलं नाही रे."

डिस्क लेथवर सपाट करून घेतली, साधे पॅड बसवले, ते नीट बसायला चार दिवस दिले. महाशिवरात्रीच्या आधीच्या सोमवारी मी खिडकीत उभा होतो. गाडी रात्रभर थंडीत उभी होती. काकांनी ब्रेक दाबला आणि ती बरोबर फाटकापाशी थांबली. काकू मात्र सवयीने खांबापाशी उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि त्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून फाटकाकडे परत चालायला लागल्या. तेवढ्यात काकांनी ब्रेक सोडला. गाडी हळूहळू पुढे गेली आणि त्यांच्याजवळ थांबली.

"अहो, लागला नाही का?"

"लागला. पहिल्या दाबात."

"मग पुढे कशाला आलात?"

"तू चालायला लागलीस ना," काका म्हणाले आणि आतून हात लांबवून त्यांनी दार उघडलं.

अजूनही दर सोमवारी गाडी आधी फाटकापाशी थांबते आणि मग खांबापाशी. पहिलं थांबणं ब्रेक दाखवण्यासाठी असतं. ते पाहण्यात माझं पहिलं लेक्चर बुडतं. पण कॉलेज संपल्यावर पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही ठाऊक नाही, म्हणून पाहून घेतो.