फणसापायी कापलेला गुण

सुमाताईचा फोन नेहमी रविवारी येतो. त्या आठवड्यात तो मंगळवारी आला, तेव्हा मी फोन उचलायच्या आधीच खुर्ची ओढून बसलो. "तुझे भावजी गेले रे," ती म्हणाली. मागे कुणीतरी कपबश्या विसळत असल्याचा आवाज येत होता. कसं झालं, विचारलं, तर म्हणाली, "जेवले. कढीची वाटी सुकी केल्यानी, 'साडेसात' म्हणाले आणि खाटीर आडवे झाले. मी चाय घेवन गेलंय तर..." मग रडता रडताच ती एकदम उसळली, "साडेसात! जाताना तरी आठ गुण देवचे होते!" आणि सातासमुद्रापलीकडे मी, डोळ्यांत पाणी असताना, हसलो. भावजींना असंच आवडलं असतं.

वसंतभावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात त्यांचा कोकमाचा व्यवसाय. घरामागच्या लांबट खोलीत सुकवलेली सोलं, सरबत आणि आगळ, म्हणजे मिठात उतरवलेला कोकमाचा दाट रस, यांच्या बरण्या ओळीनं उभ्या. आंबट या एका चवीवर माणसाचं आयुष्य गेलेलं, पण स्वभावात आंबटपणाचा लवलेश नाही. नम्रता मात्र औषधालाही नव्हती. "माझ्या जिभेचो विमो उतरवक व्हयो," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे हसले तर रागावत.

त्यांची खोड एकच, दिसेल त्याला दहापैकी गुण द्यायचे. लग्नाच्या पंगतीत सोलकढीचा पहिला घोट घेतला की यजमानाच्या तोंडावर "सहा" म्हणून मोकळे! कुणकेश्वरच्या जत्रेतल्या उसाच्या रसाला पाच. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाला नऊ. पुढाऱ्याच्या भाषणाला दोन, तेही माईक चांगला होता म्हणून. दहा कुणालाच मिळाले नाहीत. दहा देवाचे, असा त्यांचा कायदा होता. माझ्या बहिणीच्या कढीला रोज गुण मिळत आणि रोज त्यावरून भांडण होई. त्या भांडणाशिवाय दोघांनाही जेवण पचत नसे.

तरुणपणी भावजी पीत. चोरून नाही, चांगले मिजाशीत. संध्याकाळी माडाची माडी, सणासुदीला गोव्याकडची फेणी. पिऊन ते कधी पडले नाहीत, पण उभे राहिले की गात, आणि तो त्रास गावाला होई. मग अठ्ठ्याण्णव साली ताई तापानं अंथरुणाला खिळली. ताप डोक्यात गेला आणि तिला गोव्याला मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं. डॉक्टर धड काही बोलेनात. तेव्हा त्या इस्पितळाच्या आवारात आपल्या गावाची दिशा कुठली ते एका रिक्षावाल्याला विचारून, तिकडे तोंड करून, भावजींनी ग्रामदेवाला हात जोडले. "तिका बरी कर. दारूचो थेंब तोंडाक लावचंय नाय." ताई उठली, घरी आली, आणि भावजींनी कानाला खडा लावला तो कायमचा. गाणं तेवढं सोडलं नाही, त्यामुळे निम्म्या गावाला बराच काळ त्या नवसाचा पत्ताच नव्हता.

आता माझं खूळ सांगतो. मी नोकरीसाठी अमेरिकेत गेलो आणि तिथे बिअरच्या नादाला लागलो, पिण्याच्या कमी आणि करण्याच्या जास्त. तिथले हौशी लोक एक प्रकारची बिअर मुद्दाम आंबवतात. साधी बिअर बिघडली की लोक ओतून देतात. ही मात्र बिघडवूनच करतात. वाइनचं जुनं ओकचं पिंप आणायचं, त्यात बिअर भरायची, रानटी यीस्ट आणि दह्यातल्यासारखे जिवाणू सोडायचे आणि वर्ष-दीड वर्ष तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. मग ती स्पर्धेत उघडून रंग, वास, चव आणि तोंडातला भरीवपणा बघत गुण द्यायचे. अशा स्पर्धांना मीही परीक्षकांच्या शेजारी बसू लागलो. हे फोनवर सांगितल्यावर भावजींनी विचारलं, "म्हणजे गुण देवचो धंदो थंय पण आसा? आणि लोक मारणत नाय?"

मित्राच्या गॅरेजमधल्या आमच्या पिंपात मी भावजींची सोलं टाकली. मित्राला वाटलं, मी सुकलेल्या चामड्याचे तुकडे टाकतोय. दीड वर्षानं जे उतरलं त्याचा रंग पिकल्या रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, आणि चव... चव मला कळत होती, पण खात्री वाटत नव्हती. स्पर्धेत गुण बरे पडले. परीक्षकांनी 'कुठलंसं लाल फळ' असं म्हणून कौतुक केलं. ज्यांनी जन्मात कोकम पाहिलं नाही, त्यांच्या कौतुकाचं मी काय लोणचं घालू? मला एकाच जिभेचा निकाल हवा होता, आणि त्या जिभेनं देवाला शब्द दिलेला होता.

तरीही दोन बाटल्या घेऊन मी आलो, दोन हजार सातच्या मे महिन्यात. गोव्याला विमानतळावर भावजी गाडी घेऊन आले होते. सीमेवर इन्सुलीच्या अबकारी नाक्यावर गाडी अडवली. गोव्याकडून येणाऱ्या गाडीत बाटल्या म्हटल्यावर साहेबांनी विचारलं, "यात काय आहे?" भावजींनी आपलं ठेवणीतलं कचेरीचं मराठी बाहेर काढलं. "कोकम आहे, साहेब. परदेशी जाऊन बिघडलेलं." साहेबांनी एकदा बाटलीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं विमानतळावरचे कागद दाखवले आणि आम्ही सुटलो. पुढे सावंतवाडी येईपर्यंत भावजी स्वतःच्या उत्तराला गुण देत होते. नऊपर्यंत पोचले.

घरी पोचल्यावर मात्र ते त्या बाटलीभोवती मांजरासारखे घुटमळू लागले. उजेडात धरून बघायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. ताई कितीतरी वर्षं सांगत आलेली, मी धडधाकट आहे, आता तो नवस सोडा. शेवटी तीच म्हणाली, "देवाक इचारा. तो हो म्हणालो तर एक घोट घेवा. तुमची तगमग माका बघवणा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो, बाटली अर्थातच घरी ठेवून. आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाषाणाच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवानं पाकळ्या लावल्या, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान बायलेच्या जिवासाठी दारू सोडल्यान, ता तुका म्हायती आसा." मंडपात टेकून बसलेले दोन म्हातारे सवयीनं गरजले, "व्हय म्हाराजा!" "आता ह्याचो मेवणो अमेरिकेसून आंबट पाणी घेवन इलो हा. ती दारू काय आगळ, ह्या आमका कळणा नाय, तुका कळता!" "व्हय म्हाराजा!" भावजी हात जोडून उभे होते, पण एक डोळा किलकिला करून पाकळ्यांवर ठेवलेला. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत डावी पाकळी टपकन खाली पडली. गुरव म्हणाला, "देव तयारच होवन बसलो होतो."

परतताना डांबरी रस्ता लागल्यावर भावजी थांबले. मला वाईट वाटत होतं, त्यांच्यासाठी आणि खरं सांगायचं तर जास्त माझ्यासाठी. मग ते म्हणाले, "बरां झाला, मेवण्या. तेणी उजवी दिल्यान आसती तर माका भिया वाटला आसता. सौदो झालो तो झालो. तेणी आपलो शब्द पाळल्यान, तुझी भयण घरात भाकरी थापता हा." थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा थांबले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पण ऐक. देव चाखूक नको म्हणालो. बघूक नको म्हणाक नाय!"

दुपारी पडवीत बैठक बसली. भावजी आपल्या लाकडी हातांच्या खुर्चीत, आणि समोर, तोंडावर अंगणातला उजेड पडेल अशा बेतानं, स्टुलावर सुमाताई. "माका कित्याक? मी काय बेवडी?" ती कुरकुरली. "देवाक इचारूक कोणी सांगलेला? आता भोग," भावजी म्हणाले. मी बूच काढलं तर ते उडून वाशाला आपटलं आणि मांजर पळालं. पेल्यात लाल फेस चढला. भावजींनी तो उजेडात धरला. "रंग माझो," म्हणाले. वासाबद्दल देवाला विचारायचं राहिलं होतं, म्हणून पेला नाकापासून हातभर लांब ठेवून त्यांनी तो ताईकडे दिला. "पी. आणि बोला नको. मी तुझा तोंड बघतंय."

ताईनं घोट घेतला. तिचे डोळे बारीक झाले, खांदे कानांना लागले. "आंबटपण आगळाचा," भावजी म्हणाले. "व्हिनेगर नाय. व्हिनेगर आसता तर नाक मोडल्यान आसता." दुसऱ्या घोटाला तिनं जीभ टाळूला लावली. "तुरट लागला. ह्या लाकूड." मी थक्क होऊन कधी हिच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होतो. तिसऱ्या घोटाला ताईनं डोळे मिटले आणि तिच्या ओठांच्या एका कोपऱ्यातून हसू फुटलं, हळूहळू सगळ्या तोंडावर पसरलं. भावजी खालच्या आवाजात म्हणाले, "ह्या हसणा माका ठावक आसा. इस्पितळातसून घराक आणलंय तेव्हा पयली पेज पिल्यान, तेव्हा असाच हसलेली."

बहिणीच्या संसाराकडे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला फार आनंद झाला होता, एवढंच मला आठवतं.

मग अचानक भावजींच्या कपाळाला आठी पडली. ते खुर्चीतून पुढे झुकले. "पण मेल्या, ह्येच्यात फणस कित्याक घातलंस?"

मी शपथेवर सांगितलं, फणस घातलेला नाही. "बायलेच्या तोंडार फणस दिसता माका!" भावजी ऐकेनात. "नऊ होते. एक फणसाचो कापलो. आठ!" मी वाद घालायला लागलो, तशी ताईनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अवो, मी आताच दोन गरे खाल्ले. माका काय म्हायत, तुमी पोटातला पण वाचतात!"

भावजी किती हसले! खुर्चीचा हात धरून, ठसका लागेपर्यंत. पण गुण काही बदलला नाही. "दिलेलो गुण मागे घेवचंय नाय. दुसरी बाटली आसा मां? पुढच्या खेपेक गरे न खाता बसव तिका, मग बघूया." उरलेला पेला ताईनं संपवला आणि संध्याकाळपर्यंत ती गात होती. भावजी खुर्चीच्या हातावर ताल धरून साथीला. वसंता पुन्हा प्यायला लागला, अशी बातमी दिवे लागायच्या आत बाजारापर्यंत पोचली.

दुसरी बाटली कोकमाच्या खोलीत, आगळाच्या बरण्यांमागे गेली. उन्हाळ्यात भावजी तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळत, माणसाला पांघरूण घालावं तसं. फोनवर माझी खुशाली विचारायच्या आधी तिची कळवत, "मेवण्या, ती बरी आसा. झोपली हा." नोकरीत काही ना काही निघत गेलं आणि ती पुढची खेप पुढे पुढे जात राहिली. भावजींनी त्याबद्दल कधी टोमणा मारला नाही. "पिकाक वेळ लागता," म्हणायचे.

ताईचा तो फोन आल्यावर मी गावी गेलो. माघ महिना. दारातल्या फणसाला जेमतेम बोटभर कुयऱ्या धरलेल्या, गरे व्हायला अजून अवकाश. दोन दिवस माणसांची ये-जा होती. तिसऱ्या दिवशी दुपारी घर शांत झालं, तेव्हा ताई पाटावरून उठत म्हणाली, "ती बाटली काढ." मी जरा घुटमळलो. तर म्हणाली, "त्येंनी सांगल्यानी होता मां, पुढच्या खेपेक बघूया? मग?"

बरण्यांमागे बाटली जागच्या जागी होती. गोणपाट सुकलेलं होतं, पण गाठ भावजींचीच. पडवीत त्यांची खुर्ची तशीच आहे, हातांवरचा रंग तालानं उडालेला. मी बूच काढलं. या वेळी दुसऱ्या हातानं दाबून धरलं, ते उडू दिलं नाही. पेला भरला, ताईच्या हातात दिला आणि तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून समोर येऊन उभा राहिलो.

"तू बाजूक हो रे," ती म्हणाली. "त्येंका दिसणा नाय."

मी बाजूला झालो. ताईनं स्टूल थोडं पुढे ओढलं, उजेड तोंडावर घेतला आणि खुर्चीकडे बघून सांगितलं, "आज गरे खावक नाय हां मी." मग तिनं पेला तोंडाला लावला.