रेकॉर्डप्रमाणे हिंदू

१२ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ०७४०. वाराणसी, मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीतलं घर. हजर: मी, फौजेतला निवृत्त सुभेदार, हुद्दा क्लार्क (कारकून); तीर्थपुरोहित नारायणभट, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांची मुलगी शुभदा, शाळेत शिक्षिका. गैरहजर: नानांचा मुलगा लान्स नायक माधव. सात वर्षांपूर्वी ड्युटीवर मृत्यू.

"काका, आधी चाय घ्या," शुभदा म्हणाली. "फौजी लोक दरवाज्यातच फाईल खोलतात."

फाईलमध्ये एकच कागद होता. तो द्यायला मी साताऱ्याहून आलो होतो.

माधव आमचा रेडिओ ऑपरेटर. पोस्ट सोळा हजार फुटांवर. ०५३० स्टँड-टू, म्हणजे शस्त्रांसह सज्ज, ०७०० रेडिओ चेक, ०८३० लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंत गस्त. रविवारी मंदिर परेड. पलटणीचे पंडितजी खाली बेसला गेलेले असले की आरती माधव म्हणायचा. पुरोहिताचा मुलगा, सगळं पाठ.

एका हिवाळ्यात त्याच्या फुप्फुसात पाणी झालं. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर तीन दिवस आलं नाही. आमचा नर्सिंग असिस्टंट केरळचा ख्रिश्चन. तो इंजेक्शन द्यायचा, ऑक्सिजन बघायचा आणि उरलेला वेळ माधवचा हात धरून प्रार्थना करायचा. माधव वाचला. पुढचं दीड वर्ष तो बायबल वाचत होता आणि पंडितजींशी वाद घालत होता. मध्येच आठवडा-आठवडा कुणाशीच बोलायचा नाही. मग एका सुट्टीत त्याने बाप्तिस्मा घेतला. घरी सांगितलं नाही.

२३ जानेवारीला तो धर्म बदलल्याची नोंद करायचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"नीट विचार केलास?"

"साहेब, लहानपणापासून नानांच्या शेजारी बसून मेलेल्यांसाठी मंत्र म्हटले. मी जिवंत असताना माझ्यासाठी कुणी काही म्हणतंय, हे पहिल्यांदा ऐकलं."

अर्जाच्या शेवटी दोन ओळी होत्या. मला काही झालं तर दफन करावं. घरी मी स्वतः सांगेन.

"एकच प्रत आहे. तीन लागतात. शपथपत्रही नाही," मी म्हणालो. "सगळ्यांच्या सुट्ट्यांच्या प्लॅनचं काम संपलं की घेतो."

"तोवर मी कोण, साहेब?"

"तोवर रेकॉर्डप्रमाणे हिंदू."

तो हसला. "म्हणजे रविवारची आरती माझ्याच गळ्यात."

त्या रविवारी त्याने आरती म्हटली. चांगली म्हटली.

३ फेब्रुवारी, ०९१०. पेट्रोल कमांडर सेटवर आला.

"बर्फ घसरला. पाच मोजले. ओव्हर."

"सहावा कोण? ओव्हर."

"ऑपरेटर. ओव्हर."

११४० ला माधव सापडला. डोक्यावर चार फूट बर्फ होता.

मृत्यूची खबर देणारा कॅज्युअल्टी सिग्नल मी लिहायला घेतला. नंबर, रँक, नाव. मेजर साहेब शेजारी उभे होते.

"धर्म?"

अर्ज माझ्या डाव्या हाताच्या ट्रेमध्ये होता. अकरा दिवस तिथेच होता.

"रेकॉर्डप्रमाणे हिंदू, सर."

हे खोटं नव्हतं. पण साहेबांना अर्ज दाखवणं माझं काम होतं. दाखवला असता तर अकरा दिवसांचा हिशोब द्यावा लागला असता. मी अर्ज फाईलला लावला नाही. माझ्या ट्रंकेत ठेवला.

पार्थिवाबरोबर मीच वाराणसीला आलो. मणिकर्णिकेवर नानांनी दुसरा पुरोहित बोलावला नाही. मंत्रही नानाच म्हणत होते आणि विधीही नानाच करत होते. चाळीस वर्षं यजमानांना द्यायच्या सूचना त्या दिवशी ते स्वतःला देत होते. आता पाणी सोडा. आता उजवीकडून या. आता अग्नी द्या. आवाज कुठेही हलला नाही. मी सावधानमध्ये उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

या जूनमध्ये निवृत्त झालो आणि ट्रंक रिकामी केली. तळाशी तो अर्ज होता.

चहा झाल्यावर नानांनी तो कागद दोनदा वाचला.

"सात साल, काका," शुभदा म्हणाली. "एक फोन नाही करता आला?"

मी रिकामी फाईल मिटली.

"स्वतः सांगेन म्हणतो," नाना म्हणाले. "मला घाबरत होता का हो?"

"मी विचारलं नव्हतं, नाना."

"मग मी दर वर्षी पिंड देतोय, ते कुणाला?"

शुभदा आत गेली. आत नळ बराच वेळ चालू होता.

जे करता येण्यासारखं होतं ते मी सांगितलं. आदल्या दिवशी कॅन्टोन्मेंटकडच्या चर्चमधल्या फादरना भेटलो होतो. दफन आता शक्य नाही. पण त्यांच्या दफनभूमीत भिंतीलगत नावाची शिळा बसवायला ते तयार आहेत. वडिलांची संमती हवी.

"नाव कुठलं घालणार?"

"माधवच. नाव त्याने बदललं नव्हतं."

नानांनी पेनचं टोपण काढलं. संमतीपत्र वाचलं. टोपण परत लावलं.

"नागपूरचे यजमान दशाश्वमेधावर थांबलेत," ते म्हणाले. "त्यांच्या मुलाचंच श्राद्ध आहे. ते आधी करून येतो."

दुपारी परतले. आम्ही एकत्र जेवलो. माधव नववीत असताना गंगा पोहून पलीकडच्या रेतीवर गेला होता, आणि घरी कळू नये म्हणून कपडे वाळेपर्यंत तिथेच बसून राहिला, हे त्यांनी सांगितलं. कागदाचा विषय निघाला नाही. माझी गाडी १६०५ ला होती.

शिळेची जागा मोजली आहे. मजकूर फादरांकडे दिला आहे: लान्स नायक माधव, रेडिओ ऑपरेटर, वय सत्तावीस. वडिलांची सही बाकी आहे.