पाहुण्याबाईंची सुट्टी

बोलावल्यावर खरोखर येणारं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं. बाकी आपण सगळेच "या ना एकदा घरी" म्हणतो, समोरचाही "येऊ की" म्हणतो आणि कोणी कुठे जात नाही, हे दोघांनाही छान ठाऊक असतं. आमच्या पाहुण्याबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्या आयर्लंडच्या. तिकडे तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आणि आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, जूनमध्ये, नाशकातल्या आमच्या मुलींच्या शाळेत दोन वर्षं बिनपगारी इंग्रजी शिकवायला येऊन दाखल झाल्या. उंची सहा फूट, केस पांढरेशुभ्र, पायांत पुरुषी सँडल. त्यांना नाव होतं, पण पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ते उच्चारताना आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तीनदा अडखळल्या आणि शेवटी "या आपल्या पाहुण्या बाई" म्हणून मोकळ्या झाल्या. तेच नाव कायमचं चिकटलं.

मराठी त्या शाळेच्या शिपायाकडून शिकल्या. त्यामुळे स्वतःबद्दल बोलताना कायम "मी आलो, मी जेवलो". मी शाळेत मराठी शिकवत असे, पण माझ्याकडून त्यांनी एकही दुरुस्ती करून घेतली नाही. शिपाई म्हणे माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतो. पहिल्याच आठवड्यात मी सहज म्हणून गेले, "या की आमच्याकडे, आपलंच घर समजा." शनिवारी दुपारी दारात टांगा थांबला. पाहुण्याबाई ट्रंक घेऊन उतरल्या, म्हणाल्या, "मी आलो. तुम्ही बोलावला." आणि घर आपलं समजून मागच्या खोलीत जे राहिल्या ते दोन वर्षं राहिल्या. माझ्या सासूबाईंनी सुरुवातीचे चार दिवस अबोला धरला होता, पण पाहुण्याबाईंना तो आमच्याकडचा उपास वाटला. त्यांनीही सोबत म्हणून चार दिवस तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी सासूबाईच हसल्या.

त्यांच्याकडे एक वही होती. कोणी बोलावलं की नाव, गाव, पत्ता तिथल्या तिथे टिपून घ्यायच्या. मोठ्या बाई शिक्षकांच्या खोलीत एकदा म्हणाल्या, "कधीतरी चहाला या." पाहुण्याबाईंनी पेन काढलं. "कधीतरी म्हणजे किती वाजता?" मोठ्या बाईंना घाबरून "पाच" म्हणावं लागलं. शाळा सुरू असताना त्या शहरातली निमंत्रणं उरकायच्या आणि लांबची सुट्टीसाठी राखून ठेवायच्या. इगतपुरीला कोणा रेल्वेच्या कारकुनाने गाडीत चार शब्द बोलून बोलावलं, तर ऐन श्रावणात जोडून आलेल्या सुट्टीत चार दिवस त्याच्या क्वार्टरमध्ये राहून आल्या. परतल्या तेव्हा ट्रंकेतल्या कपड्यांवर बुरशी होती आणि त्या म्हणाल्या, "अगदी माझ्या गावासारखा पाऊस."

पण खरा प्रकार दिवाळीच्या सुट्टीत झाला. सटाण्याच्या बसमधला कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला होता, "एकदाव आमना घर या ना बाई." त्या गेल्या. पंधरा दिवस कांद्याच्या वावरात राबल्या, वर्गात शिरताना फळ्याकडे बोट दाखवून "हाई काय शे?", म्हणजे हे काय आहे, असं विचारण्याइतकी अहिराणी शिकल्या, आणि निघताना कंडक्टरच्या आईने प्रेमाने एक शेळी दिली ती घेऊन आल्या. बसमध्ये शेळी खिडकीशी आणि पाहुण्याबाई उभ्या. ती शेळी आठवडाभर आमच्या अंगणात राहिली. मग एका सकाळी तिने सासूबाईंची तुळस मुळापर्यंत खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, "आज या घरात ती तरी राहील नाहीतर मी." पाहुण्याबाईंनी शांतपणे शेळी सोडली आणि शाळेत नेली. शाळेत बाहेरून कडी लागणारी खोली एकच होती, विज्ञानाची प्रयोगशाळा.

नेमकी त्याच दिवशी तपासणी होती. दहावीच्या वर्गाला मान्यता मिळावी म्हणून आम्ही अर्ज केला होता आणि ती मिळाली नाही तर नववीतल्या एकतीस मुली घरी बसणार, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. जवळपास मुलींची दुसरी शाळा नव्हती आणि मुलांच्या शाळेत कोणाचाच बाप मुलगी पाठवणार नव्हता. तपासणीला आलेले साहेब कळवणकडचे, मितभाषी, प्रत्येक गोष्ट फूटपट्टीने मोजणारे. सगळं पाहून म्हणाले, "प्रयोगशाळा?" मोठ्या बाईंनी दाराला कान लावून पाहिला, आतून "बें" आलं, आणि त्या मोठ्याने खोकत म्हणाल्या, "किल्ली हरवलीय." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. जाताना फाटकाशी पाहुण्याबाई भेटल्या, तेव्हा परदेशी बाईंशी काय बोलावं हे न सुचून ते म्हणाले, "या कधी कळवणला, आमच्या घरी." वही बाहेर आली.

नाताळची सुट्टी लागली. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "अहो, अहवाल अजून त्यांच्या हातात आहे. आपण वशिला लावायला माणूस धाडलं असं होईल. त्या थांबणार नाहीत, निदान तुम्ही बरोबर जा आणि शाळेबद्दल अवाक्षर काढू देऊ नका." मी गेले. साहेबांनी दार उघडलं ते बनियन आणि टॉवेलवर. "मी आलो. तुम्ही बोलावला." साहेबांचा चेहरा पांढरा पडला. आतून त्यांची आई ओरडली, "आल्यात तर आत घे, दारात काय उभं केलंय!"

चार दिवस राहिलो. पाहुण्याबाई चुलीपाशी बसून भाकरी थापायला शिकल्या. पहिली आफ्रिकेसारखी झाली, दुसरी दक्षिण अमेरिकेसारखी, आणि भूगोलाच्या बाई असल्याने त्या दोन्हींवर खूश. म्हातारी आणि त्या दिवसभर बोलत, एकीचं दुसरीला निम्मं कळत नसे. साहेब मात्र झुरत चालले. बाई आता शाळेचं बोलतील, मग बोलतील, म्हणून जेवताना त्यांचा घास हातातच राही. चौथ्या दिवशी त्यांनी ताट पुढे ढकललं.

"बाई, तुमच्या शाळेचं काय ते बोलून टाका एकदाचं!"

"शाळेचा?" पाहुण्याबाई आश्चर्याने म्हणाल्या. "शाळेला सुट्टी आहे."

साहेब हताश झाले. "प्रयोगशाळा बंद का होती, ते तरी सांगा."

मी खोकायला लागले. काही उपयोग झाला नाही.

"आत शेळी होती."

"कोणाची शेळी?"

"माझा. कंडक्टरच्या आईने दिला."

म्हातारी चिडली. "मुक्या जनावराला कोंडून ठेवलं? तिला माझ्याकडं धाडून दे, लय जागा हाय इथं." आणि मग साहेब जे हसायला लागले, ते पाण्याचा तांब्या लवंडला तरी थांबेनात.

जानेवारीत ते न कळवता पुन्हा आले. प्रयोगशाळा उघडायला लावली, टेबलं मोजली, नाकाला रुमाल लावला आणि शेरा लिहिला: "प्रयोगशाळा आहे. वास येतो." मग शिपायाने शाळेमागे बांधून ठेवलेली शेळी आईचा निरोप म्हणून मागितली. "म्हणजे ही लाच झाली का हो?" मोठ्या बाई माझ्या कानात कुजबुजल्या आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. साहेब एका हातात फायली आणि दुसऱ्या हातात दोरी धरून बसस्टँडकडे गेले. जूनमध्ये मान्यता आली. पुढच्या वर्षी आमच्या पहिल्या तुकडीतल्या, एक सोडून, सगळ्या मुली दहावी पास झाल्या.

निकाल लागला त्याच आठवड्यात पाहुण्याबाई निघाल्या. नाशिकरोड स्टेशनवर अर्धी शाळा लोटली होती. साहेबांची आई सकाळच्या बसने कळवणहून एकटी आली होती. रेल्वे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती खिडकीतून पाहुण्याबाईंचा हात धरून उभी राहिली आणि गाडी हलली तशी दहा पावलं बरोबर चालली. मग हात सुटला. मुली रडत रडत घरी गेल्या, फलाटावर आम्ही दोघीच उरलो.

"हिचं गाव लय लांब हाय ना?" तिने विचारलं.

"हो, खूपच लांब."

"मंग तिथं तिला उतरून घ्याया कोन येतं?"

दोन वर्षं त्या माझ्या मागच्या खोलीत राहिल्या. आमच्या घरातल्या, शेजारच्या, गल्लीतल्या प्रत्येकाची त्यांनी विचारपूस केली. त्यांच्या घरी कोण आहे, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.