अर्ध्या मिलिमीटरची रेघ

नकाशा कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं आरेखकाचं काम केलं. गल्ली त्यांना रेघमामा म्हणायची, आणि त्यात चेष्टेपेक्षा मायाच जास्त होती. भिंतीवरचं घड्याळ केसभर कललं तरी मामांना घास जात नसे. मामी मुद्दाम ते कलतं ठेवत आणि गंमत बघत.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी शेजारच्या देशाशी युद्ध झालं. अकरा आठवडे चाललं, थांबलं आणि मग भांडण लागलं ते सुरुवात कोणी केली यावर. आपले म्हणत, त्यांनी आपल्या हद्दीतल्या चौकीवर हल्ला केला. ते म्हणत, चौकीच मुळी आमच्या जमिनीवर बांधली होती. दोन्ही देशांनी मिळून चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे जो हद्दीचा नकाशा आला, त्याच्या कोपऱ्यात मामांची सही होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील घरी आले.

"चौकी रेघेच्या अलीकडे आहे, एवढं एकच वाक्य बोलायचं," ते म्हणाले.

"मूळ कागद बघितल्याशिवाय कसं सांगू?" मामा म्हणाले.

वकील गेल्यावर मामी म्हणाल्या, "अहो, जावयांचा तरी विचार करा."

जावई त्याच चौकीवर होते. पायात गोळी घेऊन परतले होते आणि अजून काठी टेकत चालत होते. त्या दिवशी कलत्या घड्याळाकडेही मामांचं लक्ष गेलं नाही.

समितीपुढे त्यांनी भिंग मागितलं. कागदावर इतका वेळ वाकून राहिले, की अध्यक्षबाईंनी पाणी हवंय का विचारलं.

"चौकी रेघेच्या अलीकडे नाही," मामा शेवटी म्हणाले. "पलीकडेही नाही. रेघेखाली आहे."

"म्हणजे?"

"माझी रेघ अर्ध्या मिलिमीटरची. जमिनीवर तिचे पंचवीस मीटर होतात. चौकी बारा मीटरची. अख्खी शाईत बुडालीय."

"मग जमीन कोणाची?"

"ते या नकाशावरून कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही." मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "तिथे माणसं राहायला जाणार हे ठाऊक असतं, तर बारीक निब घेतली असती, बाई."

दुसऱ्या दिवशी दारावर कोणीतरी काळ्या रंगाने 'गद्दार' लिहिलं. रोज हटकून गप्पा मारणारा दूधवाला मुकाट्याने पिशवी ठेवून जाऊ लागला. कचेरीतले जुने सोबती रस्ता बदलू लागले. मामांना त्याचं फारसं वाटलं नाही. जावई फिरकले नाहीत, त्याने मात्र जीव टांगणीला लागला. मुलगी फोनवर नुसतं "येतील हो बाबा" म्हणायची.

आठव्या दिवशी जावई आले. दारावरचं वाचलं, आत येऊन बसले, काठी मांडीवर आडवी घेतली.

"मामा, तुम्ही खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं."

"माहीत आहे मला. पण किती दिवस?"

जावयांनी खरंच विचार केला. "चार-आठ दिवस," ते म्हणाले. "आम्हाला तिथे सांगत होते, आपल्या जमिनीसाठी लढताय. माझ्या शेजारी लढणारा गेला तोही तेच ऐकून. आता त्याच्या आईला काय सांगू?"

मामांनी जावयांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आपण दोघं जाऊ तिच्याकडे," ते म्हणाले. "सांगायचं काही नाही. नुसतं बसू."

ते गेले. त्या आईने पेपरातल्या फोटोवरून मामांना ओळखलं, क्षणभर दारातच अडवलं आणि मग आत घेतलं. मुलाच्या लहानपणच्या खोड्या सांगत तिने दोघांना संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही.

समितीच्या अहवालात युद्ध कोणी सुरू केलं ते ठरलंच नाही. पंचवीस मीटरच्या त्या पट्ट्यात मात्र कोणीच चौकी बांधायची नाही, एवढं दोन्ही देशांनी मान्य केलं. ही बातमी जावयांनीच मामांना वाचून दाखवली. तेव्हा ते दोघं दाराला पिवळा रंग देत होते आणि मामी आतून ओरडत होत्या, "अहो, दोघेही जेवायला या आधी, दार कुठे पळून जात नाही."